अजिंठा आणि इटलीचें माप

फ्लॉरेन्समध्यें एक दिवस मिळाला, तर आपला सुशिक्षित प्रवासी सान्ता मारिया देल कार्मिने या चर्चमध्यें मसाच्चोचीं भित्तिचित्रें पाहतो आणि दुपारीं तेथील बिनमिठाचा पावहि त्या गांवची रीत म्हणून गोड मानून घेतो. हें योग्यच. परंतु तोच गृहस्थ जळगांवाहून सुमारें 60 किलोमीटरवरील अजिंठ्यास जातांना इटलीचें माप बरोबर नेतो. तेथील चित्रांना तो 'फ्रेस्को' म्हणतो. वस्तुतः फ्रेस्को ओल्या चुन्यावर रंगवितात. अजिंठ्याचे रंग मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या पृष्ठभागीं, चिकट द्रव्यानें बसविलेले आहेत.

हा केवळ शब्दाचा वाद नव्हे. 1920 ते 1922 या काळांत निजाम सरकारनें बोलाविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनीं सुटूं लागलेला गिलावा सांवरून धरिला, हे त्यांचे उपकार खरे. पण त्यांनीं दिलेला लाखेचा लेप पुढें काळवंडला आणि मूळ रंग झांकोळून गेले. हेतु शुद्ध असला, तरी वस्तूचा स्वभाव ओळखल्यावांचून केलेली सेवा तिला बाधते. टीकेचेंहि तसेंच आहे. कळण्याची भाकरी गव्हाच्या पोळीशीं ताडून कोणी खानदेशी माणूस खात नाहीं. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीलाहि तेवढाच न्याय मिळावा.