जुनी वाट मोडण्यापूर्वी : ‘बर्ड’मधील एका तोडग्याचे परीक्षण

संगणक-प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, दोष आढळला असता त्यावर विसंबणाऱ्या कार्यक्रमाने कसे वागावे, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निर्माण झालेला ‘बर्ड’ हा मार्गनिर्धारक कार्यक्रम ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. लिनक्सच्या मार्गसारणीत आयपी आवृत्ती ४ चा मार्ग बदलण्यासाठी त्याच्या २.० मालिकेने ‘बदला’ ही एकच आज्ञा वापरली; आवृत्ती ६ साठी मात्र जुना मार्ग आधी पुसून मग नवा लिहिण्याची रीत पत्करली. कारण संहितेतील टिपणीतच नमूद आहे : एका गंतव्यास अनेक समकक्ष वाटा असता ती आज्ञा विपरीत वागे आणि काही कर्नेल तर कोलमडून पडत. आवृत्ती ४ मध्ये अशा वाटा एकाच नोंदीत राहत. आवृत्ती ६ मध्ये प्रत्येकीची नोंद निराळी असे. साहजिकच ‘बदला’ म्हणजे नेमके काय बदला, हे संदिग्ध होई.

तोडगा सुरक्षित खरा. परंतु निर्वेध नव्हे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर लातूरला आहे. समजा, ह्या दोहोंत अहमदपूरवरून एक आणि परभणी-परळीवरून दुसरी, अशा दोन तारा आहेत. पहिलीवरून दुसरीवर जाताना पुसणे आणि लिहिणे ह्यांच्या मधल्या क्षणी निघालेले पॅकेट सर्वसाधारण मार्गाने भलतीकडे जाईल, किंवा तोही नसल्यास नष्ट होईल. लिहिणेच फसले, तर हा क्षण लांबेल. गोदावरीवर नवा पूल खुला होण्याआधी जुना पाडावा, तसाच हा प्रकार होय.

नवा मार्ग निराळ्या अग्रक्रमाने आधी लिहून मग जुना पुसावा, असा पर्याय सुचतो. तथापि आपल्या नोंदींना एकच राखीव अग्रक्रम द्यावा, ह्या बर्डच्या शिस्तीशी तो जुळत नाही. म्हणून निवडीस दोष देता येत नाही. दोष आहे तो टिपणीत. ‘काही कर्नेल’ म्हणजे कोणते, हे ती सांगत नाही. २०१९ मध्ये लिनक्स ५.३ ने पुढील थांब्यांची स्वतंत्र नोंद आणली, परिस्थिती पालटली. मूळ दोषाची सीमा लिहिलेली नसेल, तर तोडगा केव्हा काढावा हे उत्तराधिकाऱ्यास कसे कळावे? कारण विसरले गेले की उपायाची रूढी होते, आणि तिची झीज मात्र वापरणारे सोसतात.