'गेम ओव्हर' म्हणायची हिंमत

टाइटो या जपानी कंपनीत तोमोहिरो निशिकाडो १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवत होते. पडद्यावरचे ५५ परग्रहवासी हलवताना त्यांचा प्रोसेसर मेटाकुटीला येई. खेळणाऱ्याने एकेक परग्रहवासी टिपला की यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले जास्त वेगाने सरकत. शेवटचा एकटा उरला की तो सुसाटच सुटे. निशिकाडोंनी हा दोष दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता तसाच राहू दिला. तुम्ही जिंकत जाल तसा खेळ अवघड होत जाईल, ही आज गृहीत धरलेली रीत एका अशक्त यंत्राने अशी रुळवली.

या जुन्या आर्केड गेमांविषयी लिहिताना गहिवरून येण्याची प्रथा आहे. ती जरा बाजूला ठेवू. आर्केड हा धंदा होता, आणि चांगलाच कठोर. एकच पोरगा एका नाण्यात तासभर खेळत राहिला तर मशीनवाल्याचा गल्ला रिकामा. त्यामुळे दोन-तीन मिनिटांत हरवायचं हे ठरलेलं. पण चूक आपलीच होती, हे हरणाऱ्याला पटलंही पाहिजे. नाही पटलं तर तो दुसरं नाणं टाकणार नाही. सगळी कारागिरी या दुसऱ्या अटीतून आली.

नामकोसाठी तोरू इवातानींनी १९८० मध्ये केलेला 'पॅक-मॅन' घ्या. त्यातली चार भुतं एकसारखी दिसली तरी एकसारखी वागत नाहीत. लाल ब्लिंकी सरळ मागे लागतो. गुलाबी पिंकी तुमचं तोंड ज्या दिशेला असेल तिकडे चार घरं पुढचा नेम धरते. निळा इंकी ब्लिंकी कुठे आहे हे पाहून आपली जागा ठरवतो, आणि केशरी क्लाइड फार जवळ आला की आपल्या कोपऱ्याकडे पळ काढतो. नियम एवढेच, पण कोंडीत सापडलेल्या माणसाला वाटतं की चौघांनी मिळून कट केलाय. आजच्या कितीतरी खर्चिक गेमांत शंभर शत्रू अंगावर येतात, पण त्यातला एकही क्लाइडइतका लक्षात राहत नाही.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि आपल्या पद्धतीने आलं. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्लीबोळांतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' पोरांना त्या नावाने ठाऊकच नव्हता. तो होता 'मुस्तफा', कारण त्यातल्या चौघांपैकी पिवळ्या टोपीवाला मुस्तफा सगळ्यांना हवा असे. टोकनं संपलेली पोरं घरी जात नसत. मागे उभी राहून दुसऱ्याचा खेळ बघत आणि न विचारता सल्ले देत. कुठल्या पिंपाखाली बंदूक निघते, कुठल्या बॉसला कुठे गाठायचं, ही विद्या अशीच पसरली. हरणं चारचौघांत होई, आणि त्यामुळे शिकणंही.

आजच्या मोठ्या गेमांवर माझा आक्षेप पैशांचा नाही. पैसे आर्केडनेही उकळलेच. पण तिथे सौदा नाणं टाकायच्या फटीपाशीच उरकत असे, आणि खेळ सुरू झाला की दुकान मागे राही. आता प्रवेश फुकट आणि दुकान आत. बॅटल पास नावाचं बक्षिसांचं तिकीट घ्यायचं, काही आठवड्यांचा सीझन संपायच्या आत ते पुरं करायचं, म्हणजे रोज हजेरी लावणं आलं. काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या लूट बॉक्सना बेल्जियमने २०१८ मध्ये सरळ जुगारात काढलं, ते योग्यच केलं. या रचनेत खेळाडूने निघून जाणं हेच नुकसान ठरतं, त्यामुळे गेमला संपणंच परवडत नाही. अशा न संपणाऱ्या गेमांची बाजारात इतकी दाटी झाली आहे की सोनीचा 'कॉन्कॉर्ड' ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला. 'द क्रू'चं त्याच वर्षी झालं ते जास्त वाईट: युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेला गेम चालेनासा झाला. १९७८ चं मशीन धड असेल तर प्लग लावला की आजही चालतं.

ताजी हवा येते ती लहान ठिकाणांहून. लुका गालांते या गृहस्थांनी आधी जुगाराच्या गेमांच्या उद्योगात काम केलं होतं. तिथले झगमगाटाचे सगळे डावपेच त्यांनी 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'मध्ये वापरले, पण पैसे उकळण्याचा भाग वगळून. वर, तीस मिनिटं भरली की साक्षात मृत्यू येऊन डाव आटोपतो. २०२४ चा 'बलाट्रो' एकाच माणसाने घडवला. पत्त्यांचा तो डावही असाच आटोपशीर. दोन्ही गेम अस्सल आर्केड वळणाचे आहेत.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) लांबीला लहान म्हणून काहींनी नाक मुरडलं. मला ती लांबी पुरेशी वाटते. राजस्थानी वास्तूंची त्यातली उभारणी आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा यांना आणखी दहा तास ताणलं असतं तर पाणीच झालं असतं. तक्रार शेवटाबद्दल आहे: तो झाल्यासारखा वाटत नाही, तुटल्यासारखा वाटतो.

आता व्हर्च्युअल रिॲलिटी (व्हीआर). तिचा इतिहास म्हणजे दर काही वर्षांनी 'आता आलीच' अशी आवई. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये छताला टांगलेलं यंत्र डोक्यावर चढवून दाखवलं. १९९५ चा निन्टेन्डोचा लालभडक 'व्हर्च्युअल बॉय' आपटला. फेसबुकने २०१४ मध्ये ऑक्युलससाठी दोन अब्ज डॉलर मोजले आणि पुढे माणसांनी हेडसेट घालून आभासी जगातच राहावं असं स्वप्न विकायला काढलं. त्या जगातल्या माणसांना सुरुवातीला पायच नव्हते.

खरी अडचण मात्र शरीराची आहे. डोळे सांगतात आपण धावतोय, आतला कान सांगतो आपण खुर्चीत आहोत, आणि या भांडणात पोट ढवळतं. 'बीट सेबर'ने (२०१८) यातून सरळ वाट काढली: खेळाडू जागेवरच उभा, जग त्याच्याकडे येतं. गाण्याच्या ठेक्यावर ठोकळे येतात आणि हातातल्या तलवारीने ते कापायचे. एका ठोकळ्याला जास्तीत जास्त ११५ गुण. त्यातले ७० कापण्याआधीच्या फेकीला, ३० नंतरच्या फेकीला आणि जेमतेम १५ नेमकं मधोमध कापण्याला. म्हणजे गुण मिळतात ते अंग मोकळं सोडण्याचे. तो बनवणाऱ्या प्रागमधल्या मूठभर लोकांनी 'स्पेस इन्व्हेडर्स'चीच मांडणी त्रिमितीत आणली. गाणं संपलं की डाव संपला.

गेम आटोपशीर असावा या माझ्या मताला छेद देणारा गेम आहे 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' (२०२०). तो लांबलचक आहे आणि तरी थोर आहे. त्यातल्या एका प्रकरणात जेफ नावाचा आंधळा राक्षस केवळ आवाजावर माग काढतो. हवेतल्या विषारी कणांनी तुम्हाला खोकला येतो, तो दाबायला स्वतःचा खरा हात तोंडापाशी न्यावा लागतो, आणि दुसऱ्या हाताने कपाटातल्या बाटल्या पडू न देता दार उघडायचं. असली भीती सपाट पडद्याला जमणार नाही. पण असे गेम करायला वर्षं आणि अफाट पैसा लागतो, आणि तो लावणारे आता हात आखडतायत. 'लोन एको' हा व्हीआर गेम करणारा स्टुडिओ मेटाने (म्हणजे नाव बदललेल्या फेसबुकने) २०२४ मध्ये बंद केला.

३,४९९ डॉलरचा ॲपल व्हिजन प्रो कुणाच्या घरी असेल तो असो. आपल्याकडे बहुतेकांची व्हीआरशी पहिली गाठ मॉलमध्ये पडते. पैसे द्यायचे, हलत्या खुर्चीत बसून पाच मिनिटं हेडसेट लावायचा, उठायचं, पुढच्याने बसायचं. व्यवहार पुरता आर्केडचा. फक्त त्या हलत्या खुर्चीवर दाखवतात ते रोलर कोस्टर, म्हणजे पोट ढवळवणारा नेमका प्रकार. तिथे 'बीट सेबर' लावला तर बघ्यांनाही काही बघायला मिळेल, आणि कागदी पिशव्यांचा खर्चही वाचेल.