कामटी आणि चकती : दोन प्रायोगिक दिव्यांची तौलनिक समीक्षा

सुट्या घटकांच्या पुनरावृत्तीतून दिव्याचे आवरण उभे करण्याचे अनेक प्रयोग विसाव्या शतकात झाले. त्यांपैकी इसामु नोगुची यांचे ‘अकारी’ दिवे व होल्गर स्ट्रॉम या डॅनिश रचनाकाराचा ‘आयक्यू’ दिवा यांचा येथे एकत्र विचार केला आहे. पहिल्याचे द्रव्य नैसर्गिक, तर दुसऱ्याचे औद्योगिक आहे. मात्र केवळ या भेदावरून दोहोंचे मूल्य ठरवणे कितपत योग्य, हा खरा प्रश्न आहे.

१९५१ मध्ये हिरोशिमाकडे जात असता नोगुची गिफू येथे थांबले. तेथील मंदावलेल्या कंदील-व्यवसायाला नवे रूप द्यावे, अशी विनंती त्यांना महापौरांनी केली. लाकडी साच्यावर बांबूची बारीक कामटी गुंडाळायची, तिच्यावर हातकागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि खळ वाळल्यावर साचा सुटा करून बाहेर काढायचा, अशी ही परंपरागत पद्धत. नोगुचींनी ती मोडली नाही. मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आणला, धातूच्या तारेचा आधार दिला आणि आकार निरलंकृत केला. १९८६ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्यांनी हेच दिवे शिल्पांसोबत मांडले.

१९७३ मधील स्ट्रॉम यांचा दिवा पॉलिप्रॉपिलीनच्या एकाच आकाराच्या चौकोनी चकत्यांचा आहे. कोपऱ्यांवरील आकड्यांनी त्या परस्परांत अडकतात. डिंक अथवा हत्यार लागत नाही. तीस चकत्यांचा गोल बनतो. त्यात काही सांध्यांवर तीन, तर काहींवर पाच चकत्या एकत्र येतात. चकत्यांची संख्या व सांध्यांची मांडणी बदलली की आकारही बदलतो.

नैसर्गिक द्रव्य म्हणजे मुक्तता आणि औद्योगिक द्रव्य म्हणजे यांत्रिकता, हा रूढ समज येथे टिकत नाही. ‘अकारी’चा आकार साच्याने आधीच निश्चित केलेला असतो, तो घेणाऱ्यास केवळ घडी उलगडता येते. ‘आयक्यू’मध्ये मात्र घेणाराच रचनाकार होतो. एक चकती फाटली तर तेवढीच बदलता येते. तथापि या स्वातंत्र्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. ते भूमितीचे स्वातंत्र्य आहे, कौशल्याचे नव्हे. चकती कापण्याचा ठसा एकदा तयार झाला की कोणाच्याही हाताला नवे काही शिकावे लागत नाही. उलट ‘अकारी’च्या प्रत्येक दिव्यामागे कामटी वळवणारा आणि कागद चिकटवणारा कारागीर उभा असतो, तो नाहीसा झाला तर दिवाही नाहीसा होईल.

सारांश, एका प्रयोगाने कारागीर जपला, दुसऱ्याने वापरणाऱ्याला निर्मितीचा अधिकार दिला. दोन्ही गोष्टी एकाच दिव्यात साधलेल्या नाहीत. बांबू आणि प्लास्टिक एकत्र जोडले म्हणजे ती साधतील, असेही नाही. म्हणून रचनेच्या विद्यार्थ्याने द्रव्य निवडण्यापूर्वी सांधा कोणाच्या हाती राहणार आहे, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.