मिस्टर फ्रीझचे दुःख कोणाचे?

फेब्रुवारी १९५९च्या 'बॅटमॅन' मासिकाच्या १२१व्या अंकात मिस्टर झिरो नावाचा एक खलनायक आला. गोठवणाऱ्या बंदुकीचा प्रयोग करताना अपघात होतो आणि त्याला कडाक्याच्या थंडीतच जगता येते, म्हणून अंगावर सतत गारवा राखणारा पोशाख. हा गृहस्थ हिरे चोरतो. का चोरतो हे कथेत नाही, आणि विचारावे असे वाचकालाही वाटत नाही. शेवटी वाफेचा नळ फुटतो, ऊब मिळते, आणि तो चक्क बरा होतो! कथा डेव्ह वुडची, चित्रे शेल्डन मोल्डॉफची; नाव मात्र बॉब केनचे, कारण मोल्डॉफ त्याच्यासाठी पडद्याआडून काम करीत असे. बॅटमॅनचा सहनिर्माता बिल फिंगर याला अधिकृत श्रेय मिळायला २०१५ साल उजाडले. तिथे एका दुय्यम खलनायकाचे पितृत्व कोण तपासणार?

ते तपासावे असे मला वाटते. कारण आज जगभरचे वाचक ज्याला मिस्टर फ्रीझ म्हणून ओळखतात, तो आजारी पत्नीला बर्फात जपून ठेवणारा शास्त्रज्ञ या अंकात कुठेच नाही. कॉमिक्सच्या खलनायकाला त्याचे काळीज कॉमिक्सने दिलेले नाही.

नावसुद्धा बाहेरचेच. १९६६च्या दूरचित्रवाणी मालिकेने झिरोचा फ्रीझ केला आणि दोनच वर्षांनी कॉमिक्सने ते नाव निमूटपणे उचलले. मालिकेत ही भूमिका आधी जॉर्ज सँडर्स, मग 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'चा दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर आणि शेवटी ईलाय वॉलॅक यांनी केली. वर्षभरात तीन नट बदलले तरी प्रेक्षकांचे काही अडले नाही, यावरून त्या पात्रात माणूस किती होता ते कळते. एक धागा मात्र महत्त्वाचा: इथे फ्रीझच्या अपघाताला बॅटमॅन कारणीभूत आहे. सूडाला प्रथमच कारण मिळाले. पण मालिका थट्टेच्या सुरात चाललेली, त्यामुळे तो धागा कोणी पुढे ओढला नाही.

तो ओढला गेला सप्टेंबर १९९२मध्ये, मुलांसाठीच्या ॲनिमेशन मालिकेत. 'हार्ट ऑफ आइस' हा जेमतेम बावीस मिनिटांचा भाग पॉल डिनीने लिहिला, ब्रूस टिमने दिग्दर्शित केला. फ्रीझचे रूप माइक मिग्नोलाने रेखाटले. व्हिक्टर फ्राइस हा कंपनीच्या नोकरीतला संशोधक. दुर्धर आजार झालेल्या नोराला, आपल्या पत्नीला, उपचार सापडेपर्यंत त्याने शीतनिद्रेत ठेवले आहे. कंपनीचा प्रमुख फेरिस बॉइल खर्चाच्या नावाखाली प्रयोग बंद करायला लावतो, झटापट होते, फ्राइस रसायनांत कोसळतो. याच बॉइलला पुढे मानवतावादी म्हणून गौरवले जाते. एवढ्या कडू उपरोधाची मुलांच्या कार्यक्रमात कोण अपेक्षा करील?

करुणाचा स्थायीभाव शोक, हे आपण साहित्यशास्त्रात वाचतो. इथे गंमत अशी की शोक करणारा सांगतो की आपल्या भावना मेल्या आहेत. मायकेल अन्साराचा आवाज सपाट, यंत्रासारखा आहे. तो एकदाही गहिवरत नाही आणि नेमका म्हणूनच ऐकणारा हलतो. मी १९५९ची कथा आणि हा भाग लागोपाठ ठेवून पाहिले. दोन्हीकडे फ्रीझला हरवते ती ऊबच. तिथे वाफ होती. इथे सर्दी झालेल्या ब्रूस वेनसाठी आल्फ्रेडने थर्मासमध्ये दिलेले गरम सूप आहे, ज्याने शिरस्त्राणाची काच तडकते. पण वाफेने झिरो बरा झाला होता. सुपाने फ्रीझ बरा होत नाही. कोठडीत बर्फ भुरभुरणारा काचेचा गोल हातात धरून बसतो. या लेखनाला डेटाइम एमी मिळाले.

त्यानंतर कॉमिक्सने हा इतिहास आपलासा केला. १९९७मध्ये डिनीनेच फ्रीझवर स्वतंत्र अंक लिहिला. त्याच वर्षीच्या 'बॅटमॅन अँड रॉबिन' चित्रपटाबद्दल फार बोलायला नको. नोरा आहे, आजार आहे, आणि श्वार्झनेगरच्या तोंडी बर्फावरचे विनोद आहेत. दुःख उचलले, पण मौन उचलले नाही.

मात्र नोराचा प्रश्न उरतोच. डिनीची कथा मला प्रिय आहे, तरी तीत नोरा ही व्यक्ती नसून काचेमागची वस्तू आहे, हे नाकारता येत नाही. तिला काय हवे होते? २०१२च्या 'बॅटमॅन' वार्षिकांकात स्कॉट स्नायडर आणि जेम्स टायनियन यांनी कथाच उलटवली: नोरा फ्राइसची पत्नी नाही, ती १९४३ साली जन्मलेली, त्याच्या आधीच गोठवलेली एक अनोळखी स्त्री आहे आणि त्याचे प्रेम हा भ्रम आहे. अनेक वाचक चिडले. मलाही हा निर्णय निष्ठुर वाटतो, कारण त्याने शोकाचे रोगनिदान करून टाकले. पण झोपलेल्या बाईवर हक्क कोणाचा, हा प्रश्न याच कथेने ठळकपणे पुढे आणला.

दर महिन्याला निघणाऱ्या मासिकाला खलनायक परत परत लागतो, म्हणून नोराने जागे न होण्यात धंद्याची सोय असते. एका कथेत संपणाऱ्या चित्रपटाला ते बंधन नाही. १९९८च्या 'सबझिरो' या व्हिडिओ चित्रपटात ती बरी होते, आणि मेला असे समजला गेलेला फ्रीझ दूर बर्फाळ मुलखात खिडकीतून टीव्हीवरची ती बातमी पाहून रडतो. भावना मेल्याचा त्याचा दावा तिथे खोटा ठरतो. मासिकात ती जागी झाली तेव्हा मात्र वेगळेच घडले. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २०१९च्या अंकांत पीटर टोमासीने नोराला पुन्हा पत्नी केले आणि शुद्धीवर आणले. ती उठते, स्वतःचा गारव्याचा पोशाख चढवते आणि गुन्ह्याच्या वाटेवर नवऱ्याच्याही पुढे निघून जाते.