अंगणांतला वडील भाऊ

शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राची कथा मराठी वाचकांस, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत, बहुधा ठाऊक असते. धाकटा मुलगा वांटा घेऊन परदेशीं जातो, पैसा उडवितो, डुकरें राखण्याची पाळी आल्यावर घरीं परततो आणि बाप धांवत जाऊन त्यास पोटाशीं धरतो. उपदेशक बहुधा येथेंच थांबतात. आमच्या मतें कथेचा खरा भार पुढें आहे; शेतावरून येतांना वाद्यांचा आवाज ऐकून अंगणांतच अडून राहिलेल्या वडील भावावर आहे.

ही कथा कोणास उद्देशून सांगितली, हें लूकानें आरंभींच नोंदलें आहे. येशू जकातदार व पापी यांच्या पंक्तीस बसतो म्हणून कुरकुरणारे परूशी व शास्त्री समोर होते. पंक्तीचा तंटा आम्हांस समजावून सांगावयास नको. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांतील चहाच्या एका पेल्यावरून न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य यांच्यावरहि बहिष्काराचें संकट आलें होतें.

मात्र दुसऱ्या एका ठिकाणीं आमचा वाचक चुकतो. मिताक्षरेप्रमाणें वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच असतो. त्यामुळें धाकट्याची मागणी त्यास घरोघरच्या गोष्टीसारखी वाटते. मोशेच्या नियमशास्त्रांत ज्येष्ठास दुप्पट वांटा आहे. म्हणजे येथें धाकट्यास तिसरा हिस्सा. आणि लूकाच्या सांगण्याप्रमाणें बापानें तेव्हांच दोघांस वांटून दिलें. मग उरलेलें सारें वडील भावाचेंच! पुष्ट वासरूं कापलें गेलें (येथें आमचा हिंदु वाचक दचकतो, तें असो), तें एका अर्थी त्याच्याच गोठ्यांतलें. त्याचा राग निव्वळ मत्सर नव्हे. त्यांत हिशेब आहे, आणि तो हिशेब बरोबर आहे. हें ध्यानांत घेतल्यावांचून बापाच्या उत्तराचें मोल कळत नाहीं. बाप हिशेब खोडीत नाहीं. जें आहे तें सारें तुझेंच, हें तो कबूल करतो. परंतु मोठा ज्यास ‘तुमचा मुलगा’ म्हणून झिडकारतो, त्यास बाप ‘तुझा भाऊ’ म्हणून परत देतो.

नाशिकास या कथेला आणखी एक धार आली. एकोणिसाव्या शतकांत जो ख्रिस्ती होई, तो घरच्यांच्या लेखीं घर सोडून गेलेला. मिशनऱ्यांच्या लेखीं तोच बापाच्या घरीं परतलेला. घर कोणतें आणि परदेश कोणता, यावरच तंटा! धर्मांतरामुळें वारसाहक्क जाऊं नये असें १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें ठरविलें. पण कायद्यानें शेत मिळतें, अंगण मिळत नाहीं. चर्च मिशनरी सोसायटीनें वसविलेल्या शरणपूरचें नांव आज नाशिककर रस्त्याचें नांव म्हणून उच्चारतात. तेथेंच गुलामांच्या जहाजांतून सोडविलेलीं आफ्रिकी मुलेंहि शिकलीं. १८७४ सालीं लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर इंग्लंडास गेलेला जेकब वेनराइट त्यांपैकींच. परतावयास ज्यांना बापाचें घरच उरलें नव्हतें, त्यांनीं ही कथा कशी ऐकली असेल?

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक येथें आठवतात. ना. वा. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाई मागें राहिल्या, आणि १९०० सालीं त्यांनींहि दीक्षा घेतली. ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना आमचें चित्त जाणाऱ्यापेक्षां मागें राहिलेलीकडेच अधिक लागतें. परतलेल्याचा आनंद गाणारे कवि पुष्कळ आहेत; मागें उभ्या राहिलेल्या माणसाचें दुःख इतक्या हंसऱ्या लेखणीनें क्वचितच कोणी लिहिलें असेल.

वडील भावाचें पुढें काय झालें, तें लूकानें सांगितलें नाहीं. बाप बाहेर येऊन विनवीत आहे, आंत वाद्यें वाजत आहेत, आणि कथा तेथेंच थांबते. कांहीं उपदेशक भावाचा हात धरून त्यास घरांत नेऊन बसवितात. तें आम्हांस पसंत नाहीं. उंबरठा ओलांडावयाचा कीं नाहीं, हें समोर बसलेल्या शास्त्र्यांचें त्यांनीं ठरवावयाचें होतें.