म. वि. धुरंधर : अकादमिक शिस्त आणि देशी निरीक्षण

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्यावर पाश्चात्त्य अकादमिक शैलीच्या अनुकरणाचा आक्षेप घेतला जातो. तो अंशतःच मान्य करता येईल. १८९० मध्ये कोल्हापूरहून ते मुंबईच्या सर ज. जी. कलाविद्यालयात आले, शरीररचना व छायाप्रकाशाची शिस्त तेथलीच. परंतु ऑटो रॉथफील्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ग्रंथातील त्यांच्या चित्रांत वस्त्राची नेसण, दागिने, उभे राहण्याची ढब यांतून स्त्रीचा प्रांत व समाजस्तर जाणवतो. असे निरीक्षण वर्गातील प्लास्टरचे पुतळे रेखाटून येत नाही. मात्र याच चित्रांत व्यक्ती मागे पडून नमुना पुढे येतो. धुरंधरांची खरी मर्यादा ही होय, शैली नव्हे. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मकथनाच्या शीर्षकात या शिक्षकाने आपली विद्यार्थिदशा व अध्यापन एकत्रच मोजले आहे.