शेजारच्या भाषेतून घडणारा देश

भारतीयत्वाची चर्चा आपण राज्यघटना, इतिहास आणि राजकारण यांच्या आधाराने करतो. अनुवादाची आठवण तिथे क्वचितच होते. तरीही कित्येक मराठी वाचकांच्या मनातला बंगाल मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरच्चंद्रांनी घडवला आणि कर्नाटक बऱ्याच अंशी उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांनी. देश एक आहे हे घोषणेने कळते. तो कसा जगतो, हे शेजारच्या भाषेतल्या घरात शिरल्याशिवाय कळत नाही. त्या घराचे दार अनुवादक उघडतो. म्हणून राष्ट्रीय ओळखीच्या घडणीत त्याचे स्थान दुय्यम मानणे चूक आहे.

उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून हे शहर मराठी-कन्नड वादाचे केंद्र आहे. राजकारणाने जिथे दोन भाषांना समोरासमोर उभे केले, तिथून आलेल्या या लेखिकेने त्यांच्यात आयुष्यभर ये-जा चालू ठेवली. पती विरूपाक्ष कन्नड मजकूर वाचून दाखवत आणि त्या ऐकून मराठीत लिहीत. विरूपाक्षांनी स्वतः मराठी साहित्य कन्नडमध्ये नेले. एका घरातून दोन्ही दिशांनी झालेले हे काम आहे. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’ या कादंबरीच्या अनुवादासाठी उमाताईंना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विधवाविवाहाचा प्रश्न आगरकर-कर्व्यांच्या महाराष्ट्राला नवा नव्हता. पण ‘वंशवृक्ष’मध्ये नंजनगुडच्या श्रोत्रींच्या घरात त्यांची विधवा सून कात्यायनी हिच्या रूपाने तो समोर आला, तेव्हा आपलाच वाद दुसऱ्या मातीत वेगळ्या धर्मसंकटासह उभा राहतो हे मराठी वाचकाने अनुभवले. साम्य आणि वेगळेपण यांचे हे एकत्रित भान म्हणजेच राष्ट्रीय जाणीव.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. अनुवादक आणि प्रकाशक वाचकप्रिय लेखकच निवडतात. मग एखाद्या भैरप्पांवरून अख्खे कन्नड साहित्य ओळखले जाते आणि देशाचे चित्र आपल्या आवडीपुरते उरते. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे उत्तर याच कारकिर्दीत सापडते. भैरप्पांची ‘आवरण’ ही कादंबरी मराठीत आणणाऱ्या उमाताईंनीच गिरीश कार्नाडांचे ‘नागमंडल’ हे नाटक आणि शिवराम कारंतांची कादंबरीही आणली. भैरप्पा आणि कार्नाड यांचे वैचारिक मतभेद जाहीर होते. एकाच लेखणीने दोघांना मराठीत जागा दिली, त्यामुळे कन्नड समाजाचा एकच सूर नव्हे, त्याचा अंतर्गत वादही आपल्यापर्यंत पोहोचला. निवडीचा दोष अनुवाद कमी करून जात नाही, अनुवाद वाढवूनच जातो.

इंग्रजी हाताशी असताना थेट अनुवादाचा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. इंग्रजीतून ग्रंथ जरूर पोहोचतो, पण नात्यांची संबोधने, सोवळे-ओवळे, जातीनुसार बदलणारी बोली हे सारे इंग्रजीत एकदा सपाट होते आणि मराठीत येताना पुन्हा अंदाजाने भरावे लागते. कन्नड-मराठीला हा वळसा लागत नाही. मल्याळम, ओडिया, असमिया या भाषांना मात्र मराठीत येताना बहुतेकदा हिंदी किंवा इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो. आजच्या मराठी अनुवादाची खरी उणीव इथे आहे. समीक्षेनेही ‘मूळ मराठीच वाटते’ एवढ्या प्रशस्तीवर थांबू नये. कोणती बोली कशी उतरली, काय गाळले, कोणाला निवडले, याची तपासणी मूळ कृतीइतक्याच कसोशीने व्हावी. साने गुरुजींचे आंतरभारतीचे, म्हणजे प्रांतांनी एकमेकांच्या भाषा आणि साहित्य जाणून घेण्याचे, स्वप्न खरे करायचे असेल, तर विद्यापीठांनी शेजारच्या भाषा शिकवाव्यात आणि प्रकाशकांनी अनुवादकाला लेखकाइतका मान आणि मोबदला द्यावा. देशाची ओळख घडवण्याचे काम आपण अनुवादकावर सोपवले आहे. त्या कामाची जबाबदारी आपणही उचलली पाहिजे.